इंग्रजीतले रोजचे अनेकार्थी शब्द आणि त्यांचे चेक प्रतिशब्द

गेट, गो, पुट, कट, रन असले इंग्रजी शब्द दिसायला एवढेसे असतात पण प्रत्येकाचे ढीगभर अर्थ असतात, आणि चेक भाषेत त्यातल्या बहुतेक अर्थाला वेगळा शब्द आहे. त्यामुळे "गेटला चेकमध्ये काय म्हणतात" या प्रश्नाला सरळ उत्तरच नाही, आधी विचारावं लागतं की कोण, कशाने, कुठे आणि काम पुरं झालं की चालू आहे. चेक ही स्लाव्ह कुळातली भाषा, साधारण 1 कोटी लोक बोलतात. इंग्रजी एकच क्रियापद घेऊन त्याच्यापुढे अप, ऑफ, आउट लावून भागवते, चेक मात्र तो सगळा तपशील क्रियापदातच घालते. (खाली चेक उच्चार देवनागरीत जवळपास लिहिलेत, र आणि झ एकदम म्हटल्यासारखा जो एक आवाज चेकमध्ये आहे तो आपल्या लिपीत नीट उतरत नाही.)

जाणण्याचं घ्या. इंग्रजीत सगळ्याला 'नो', चेकमध्ये तीन शब्द: माहिती असेल तर व्येद्येत, ओळख असेल तर झ्नात, एखादी गोष्ट करता येत असेल तर उम्न्येत. मराठी माणसाला यात नवीन काहीच नाही, कारण आपणही 'मला माहितीये', 'मी त्याला ओळखतो' आणि 'मला पोहता येतं' असं वेगवेगळंच म्हणतो, तरी बहुतेक जण चेक इंग्रजीतून शिकतात म्हणून हे तीन शब्द उगाच अवघड वाटतात. अर्थात जोडी दर वेळी जमत नाही, 'मला प्राग चांगलं माहितीये' याला चेकमध्ये झ्नात लागतं, कारण शहराशी ओळखच असते, पण प्राग नकाशावर कुठे आहे हे माहीत असणं म्हणजे व्येद्येत.

जाण्याच्या बाबतीत मराठीही मदतीला येत नाही. पायी जायचं तर यीत, गाडीने जायचं तर येत, नेहमी पायी जात असाल तर खोदित, नेहमी गाडीने तर येझ्दित, विमानाने अजून वेगळं. प्रागहून ब्र्नो साधारण 200 किलोमीटर, तिथे निघालोय हे सांगताना यीत वापरलं तर ऐकणाऱ्याला तुम्ही चालतच निघालाय असं वाटेल. कुठे जायचं ते सांगणारा इंग्रजी 'टू' पण फुटतो: दुकानात किंवा शाळेत जाताना दो, पोस्टात जाताना ना, आणि डॉक्टरकडे म्हणजे माणसाकडे जाताना क. हे शेवटचं मात्र आपल्या '-कडे'सारखंच आहे, आपणही दुकानात जातो पण डॉक्टरकडे जातो.

स्वयंपाकघरात हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो. इंग्रजी 'कट' एकच, पण ब्रेड, कांदा, भाजी सुरीने कापली तर क्रायेत, केस किंवा कागद कात्रीने कापला तर स्त्रशीहात, लाकूड करवतीने कापलं तर र्झेझात, आणि गवत कापायचं असेल किंवा कुऱ्हाडीने घाव घालायचा असेल तर सेकात. म्हणजे हत्यार बदललं की क्रियापद बदललं. मराठीत भाजी चिरतात, कागद कातरतात, तेव्हा हे आपल्या अंगवळणी आहेच. 'पुट'चंही तसंच, पुस्तक टेबलावर आडवं ठेवलं तर पोलोझित, बाटली उभी ठेवली तर पोस्तावित, पोराला खुर्चीवर बसवलं तर पोसादित, चित्र भिंतीला टांगलं तर पोव्येसित. आणि ठेवून झालं की वस्तूसुद्धा तशीच असते, इंग्रजीत नुसतं 'इज' पण चेकमध्ये पुस्तक पडलेलं असतं, बाटली उभी असते, चित्र लटकलेलं असतं. घाईत चेक लोक या सगळ्यासाठी दात (म्हणजे देणे) वापरून मोकळे होतात, नवशिक्याने सुरुवातीला तेच वापरावं असं माझं मत आहे.

गेट हा सगळ्यात त्रासदायक. पत्र मिळालं तर दोस्तात, तिकिटं खटपट करून मिळवली तर सेह्नात, मुद्दा डोक्यात शिरला तर पोखोपित, म्हातारं झालं तर झेस्तार्नोउत, झोपेतून उठलं तर फ्स्तात. लग्न झालं तर आणखीच गंमत, बाईसाठी व्दात से आणि पुरुषासाठी ओझेनित से, ज्यात झेना म्हणजे बाई किंवा बायको हा शब्दच आत आहे. म्हणून विवाहित बाई व्दाना आणि विवाहित पुरुष झेनाती, एका इंग्रजी 'मॅरीड'साठी हे दोन वेगळेच शब्द.

यावर कडी म्हणजे जवळजवळ प्रत्येक क्रियापदाची जोडी असते, एक चालू कामाची आणि एक पुऱ्या झालेल्या कामाची. वाचत होतो तर चीस्त, वाचून काढलं तर प्रशेचीस्त. आपण 'काढलं', 'टाकलं', 'झालं' लावून जे सांगतो ते चेक बऱ्याचदा शब्दाच्या पुढे उपसर्ग लावून सांगते. प्रागच्या मेट्रोत (1974 पासून चालू) दारं बंद होताना दर स्टेशनला ऐकू येतं, "उकोन्चेते, प्रोसीम, वीस्तुप आ नास्तुप, द्वेर्झे से झावीरायी", म्हणजे उतरणं-चढणं थांबवा, दारं बंद होतायत. त्यात वीस्तुप म्हणजे उतरणं, नास्तुप म्हणजे चढणं, आणि गाडी बदलणं म्हणजे प्रशेस्तुप, मूळ तेच, पुढचं अक्षर बदललं की दिशा बदलली. इंग्रजीत इथे गेट ऑफ, गेट ऑन आणि चेंज.

उलट दिशेनेही होतं. चेक रुका म्हणजे पंजापासून खांद्यापर्यंत सगळा हात, नोहा म्हणजे अख्खा पाय, पृस्त म्हणजे हातापायाचं कुठलंही बोट, इंग्रजीत या प्रत्येकाचे दोन-दोन शब्द आणि मराठीत चेकसारखा एकच. झिमा म्हणजे हिवाळा पण आणि वाजणारी थंडी पण, होदिना म्हणजे 60 मिनिटांचा तास पण आणि शाळेतला गणिताचा तास पण. तिकात म्हणजे एखाद्याला अरे-तुरे करणं आणि विकात म्हणजे अहो-जाहो करणं, यासाठी इंग्रजीत धड क्रियापदच नाही. झामेक मात्र आपल्याला नवा, राजवाडा आणि कुलूप दोन्ही.

या विषयाला प्रागमध्ये मोठी परंपरा आहे. योसेफ युंगमान यांनी 1834 ते 1839 मध्ये पाच खंडांचा चेक-जर्मन कोश काढला, तिथून आधुनिक चेक शब्दसंग्रहाला बळ मिळालं. पुढे चार्ल्स विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक विलेम मातेसिउस (1882–1945) यांनी इंग्रजी आणि चेक शेजारी ठेवून अभ्यास केला, 1926 मध्ये प्राग भाषाशास्त्र मंडळ सुरू केलं. त्यांची पद्धत मला फार पटते, ते शब्दापासून सुरुवात करत नसत, माणसाला काय सांगायचंय तिथून सुरुवात करून मग कुठली भाषा ते कशाने सांगते हे बघत. इंग्रजी नामावर भर देते तिथे चेक क्रियापद वापरते हे निरीक्षणही त्यांचंच.

आज कोशाच्या जोडीला इंटरकॉर्प आहे, चेक राष्ट्रीय भाषासंग्रहाचा एक भाग, त्यात तोच मजकूर चेकमध्ये आणि इतर भाषांत समोरासमोर लावलेला असतो आणि त्यावर चालणाऱ्या त्रेक या साधनात इंग्रजी शब्द टाकला की अनुवादकांनी प्रत्यक्षात कुठला चेक शब्द किती वेळा वापरला ते दिसतं. कोशात 'रन'खाली माणूस धावतो, पाणी वाहतं, बस जाते, कंपनी चालवतात, निवडणुकीला उभं राहतात अशी भली मोठी यादी असते, इथे त्यातलं कुठलं जास्त वापरात आहे ते कळतं, आणि वाक्यं उघडून बघितली की का तेही बहुतेक वेळा कळतं.