चाकूचं टोक कुठे असावं?

घडीचा चाकू विकत घेणारा आधी मूठ बघतो: शिंगाची, हाडाची की लाकडाची. मग पोलादाची चौकशी होते. पात्याचा आकार मात्र बहुतेक वेळा डोळेच ठरवतात. तलवारीसारखं निमुळतं, टोकदार पातं दिसलं की ते कामाचं वाटतं. पण पारंपरिक घडीच्या चाकूत पातं उघडल्यावर ते पक्कं अडकवणारा खटका नसतो, मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी, म्हणजे स्प्रिंग, तेवढी ते धरून ठेवते. अशा चाकूत आकाराची निवड पोलादाच्या निवडीपेक्षा मोठी, असं माझं मत आहे. पोलाद कमअस्सल निघालं तर धार वारंवार लावावी लागेल. आकार कामाशी जुळला नाही तर चाकू बोटांवर मिटू शकतो.

आधी कापण्याबद्दल. चांगल्या धारेची कड साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, किंवा त्याहूनही बारीक असते. समजा एक किलो वजनाएवढा जोर दिला आणि धारेची दोन सेंटिमीटर लांबी वस्तूवर टेकली, तर तिथला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ५,००० पट भरतो. तोच जोर दोनच मिलिमीटर लांबीवर पडला तर दाब आणखी दहापट. हे गणित पहिल्या क्षणापुरतं, कारण पातं आत शिरलं की घर्षण आणि पात्याची जाडीही हिशेबात येते. तरी त्यातून एवढं कळतं की एका वेळी धारेचा किती भाग टेकतो याला फार महत्त्व आहे, आणि ते ठरवतो पात्याचा आकार.

दुसरी गोष्ट सरकवण्याची. नुसतं दाबून टोमॅटो चेपतो, पातं ओढलं की सहज कापला जातो. यामागचं एक कारण भूमितीत आहे. डोंगर सरळ चढण्याऐवजी तिरका चढला की चढ सौम्य लागतो, तसंच धारेच्या कोनाचं होतं. ३० अंशांची धार लंबदिशेपासून ६० अंश तिरकी सरकवली, तर वस्तूला जाणवणारा कोन जवळपास निम्मा, १५ अंशांच्या आसपास येतो. मऊ पदार्थांत आणखी एक कारण असतं. २०१२ साली हार्वर्डमधल्या संशोधकांनी आगरचं जेल तारेने कापून पाहिलं. तार नुसती दाबण्याऐवजी आडवी सरकवली की बऱ्याच कमी जोरात जेलला चीर पडायला सुरुवात होते, असं त्यांना दिसलं.

आता एकमेकांच्या अगदी विरुद्ध असे दोन आकार घेऊ. एका पात्याची धार टोकाकडे जाताना गोलाई घेत वर चढते. या गोलाईला पात्याचं पोट म्हणतात. दुसऱ्याची धार पट्टीने आखल्यासारखी सरळ असते आणि पाठ खाली उतरून टोकाशी धारेला मिळते. शीप्सफूट आणि वॉर्नक्लिफ हे सरळ धारेचे प्रसिद्ध आकार. पहिल्याची पाठ टोकाजवळ एकदम गोल वळते, दुसऱ्याची लांबून हळूहळू उतरते. पोट असलेल्यांत स्पिअर, क्लिप आणि स्पे हे मुख्य. स्पिअरचं टोक मधोमध असतं, क्लिपच्या पाठीतून टोकाकडे तुकडा कापून काढल्यासारखा दिसतो, तर स्पेचं टोक बोथट आणि पोट भरदार असतं.

फळीवर काही कापायचं असेल तर घडीच्या चाकूची एक अडचण लगेच समोर येते. स्वयंपाकघरातल्या सुरीचं पातं मुठीपेक्षा खाली उतरलेलं असतं, त्यामुळे बोटांना जागा मिळते. घडीचं पातं मुठीत मावायचं असल्याने मुठीपेक्षा रुंद नसतं, आणि बोटांची पेरं फळीला आपटतात. मग मूठ आपोआप उचलली जाते. मूठ उचलल्यावर सरळ धारेचा फक्त टोकाचा बिंदू फळीला लागतो, आणि तो बघता बघता बोथट होतो. पोट असलेल्या पात्याची गोलाई मात्र नेमकी अशाच वेळी फळीवर टेकते. मनगट थोडं खालीवर झालं तरी धारेचा कुठला ना कुठला भाग फळीला लागलेला राहतो. फळं, भाज्या, चीज यांच्यासाठी पोट हवं ते यासाठी.

खोक्याची चिकटपट्टी कापताना किंवा पट्टी धरून पुठ्ठ्यावर रेघ ओढताना चित्र उलटं होतं. टोकाने ओढून कापायचं असतं, आणि पोटवाल्या पात्याचं टोक धारेच्या रेषेपासून वर गेलेलं असतं. ते टेकवायला मनगट वाकवावं लागतं आणि जोर तिरका जातो. सरळ धारेत हाताचा जोर थेट टोकापर्यंत पोहोचतो. पेन्सिल तासताना किंवा लाकूड कोरतानाही धारेचा कोन मुठीपासून टोकापर्यंत एकच राहिल्याने हाताला अंदाज सोपा जातो. धार लावायलाही हे पातं सर्वांत सोपं, दगडावर सपाट फिरवलं की झालं. पोटाला धार लावताना गोलाईबरोबर मूठ हळूहळू उचलत न्यावी लागते, आणि ते जमायला वेळ लागतो.

इथवर सरळ धारेचं पारडं जड वाटेल. पण बिजागरीचा हिशेब अजून बाकी आहे.

पातं ज्या पिनेभोवती फिरतं तिच्यातून मुठीच्या लांबीला समांतर अशी एक रेषा मनात आखा. नेहमीसारखं कापताना वस्तू धारेला वर, पाठीच्या दिशेने ढकलते. म्हणजे पातं आणखी उघडू पाहतं, पण ते आधीच मुठीला टेकलेलं असल्याने काही होत नाही. भोसकताना मात्र वस्तूचा जोर टोकावर, मुठीच्या दिशेने येतो. टोक त्या रेषेच्या वर असेल तर हा जोर पातं उघडं ठेवायला मदत करतो. टोक रेषेच्या खाली असेल तर तोच जोर पातं मिटवू लागतो. शीप्सफूट आणि वॉर्नक्लिफचं टोक धारेच्याच रेषेत, म्हणजे सगळ्यात खाली असतं.

आकडे घालून पाहू. समजा नख अडकवायची खाच पिनेपासून ३ सेंटिमीटरवर आहे आणि तिथे २ किलोचा जोर लावला की चाकू मिटू लागतो. म्हणजे स्प्रिंग ६ किलो-सेंटिमीटरपर्यंत तग धरते. टोक रेषेच्या ८ मिलिमीटर खाली असेल तर साडेसात किलोच्या सरळ दाबात ती हार मानेल. टोक फक्त २ मिलिमीटर खाली असेल तर ३० किलो लागतील. घट्ट वस्तूत टोक खुपसताना साडेसात किलोचा जोर सहज पडतो, ३० किलोचा फारसा पडत नाही. म्हणून पट्ट्याला भोक पाडणं, डबा टोचणं ही वॉर्नक्लिफची कामं नव्हेत. क्लिप किंवा स्पिअरचं टोक वर असल्याने ती थोडी सुरक्षित. ‘थोडी’ म्हणायचं कारण असं की टोक पिनेपासून ६ सेंटिमीटरवर असेल आणि ते रुतून बसल्यावर हात हलून त्याच्यावर मिटण्याच्या दिशेने आडवा जोर आला, तर एक किलोच पुरतो. इथे कुठलाच आकार वाचवत नाही. पात्याची बूड कडीने अडकवली तर मात्र हा सगळा हिशेब बदलतो. १८९० पासून फ्रान्समध्ये बनणाऱ्या ओपिनेल चाकूला १९५५ मध्ये फिरती कडी बसली ती यासाठीच. त्याचं वर वळलेलं टोक त्यामुळे निर्धास्त वापरता येतं.

मग टोक सरळ पाठीच्या रेषेतच का नेत नाहीत? कारण चाकू खिशात राहतो. मिटल्यावर धार मुठीत आत जाते आणि पाठ बाहेरच्या बाजूला राहते. पाठीच्या रेषेतलं टोक मुठीबाहेर डोकावेल आणि खिसा फाडेल. क्लिपमध्ये पाठ कापून टोक खाली आणलेलं असतं ते त्याला लपवण्यासाठीही. म्हणजे टोक वर असणं बिजागरीला हवं, आणि खाली असणं खिशाला. जुन्या कारागिरांनी या ओढाताणीतून जे मधले मार्ग काढले, तेच आज पारंपरिक आकार म्हणून ओळखले जातात. घडीचा चाकू काही नवा नाही. ऑस्ट्रियातल्या हॉलस्टाटला मिळालेला असा एक चाकू इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. पण आकारांची ही विविधता फुलली ती मुख्यतः इंग्लंडमधल्या शेफील्डसारख्या गावांत, जिथे गिऱ्हाइकाच्या धंद्याप्रमाणे पातं घडवलं जाई. खलाशांनी शीप्सफूट उचललं, कारण हलत्या जहाजावर टोकदार पातं म्हणजे जखमेला आमंत्रण, आणि दोरखंडाला सरळ धारच लागते. गुरं पाळणाऱ्यांना स्पे आवडलं, कारण जनावरांचं खच्चीकरण करताना किंवा कातडी सोलताना नको तिथे टोक घुसणं परवडत नाही. माळ्यांची आत वळलेली कोयत्यासारखी पाती वेगळीच. त्यांच्या वळणात फांदी अडकते, निसटत नाही.

टोकाच्या ताकदीबद्दल थोडक्यात. पोलादाची पट्टी वाकायला किती जोर लागेल हे जाडीच्या घनावर अवलंबून असतं, त्यामुळे जाडी निम्मी झाली की ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. क्लिपचं टोक बारीक असतं ते काटा काढायला उत्तम, डब्याचं झाकण उचकटायला वाईट. खरं तर झाकण उचकटायला कुठलंच पातं वापरू नये, पण सगळे वापरतात. तसं करणारच असाल तर स्पिअर घ्या.

एकच पातं हवं असेल तर माझा कौल असा. खाण्याची कामं जास्त असतील तर डोळे मिटून स्पिअर घ्या. स्विस खिशातल्या चाकूचं मोठं पातं त्याच वळणाचं आहे, ते उगाच नाही. पार्सलं, दोऱ्या, कागद आणि लाकूड एवढंच असेल तर सरळ धार. क्लिप देखणं असतं आणि त्याला बारीक टोकाचं काम जमतं, पण अनेक जण ते रुबाबासाठी घेतात आणि खोकी उघडत बसतात.

दोन पाती परवडत असतील तर स्वभावाने वेगळी घ्या, एक पोटाचं आणि एक सरळ. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या ‘स्टॉकमन’ चाकूत क्लिप, शीप्सफूट आणि स्पे अशी तिन्ही एकत्र असतात. तिथे एक तडजोड येते. शेजारशेजारची पाती एकमेकांना घासू नयेत म्हणून ती बुडाशी किंचित वाकवावी लागतात, आणि मूठही जाड होते. दुकानात असा चाकू हातात आला की प्रत्येक पातं एकेक करून मिटवून बघा. टोक मुठीत पूर्ण बुडतंय ना, आणि बंद होताना शेजारच्या पात्याला चाटत तर नाही ना, हे दोन्ही तिथेच कळतं.