३००१२८ पंडितजसराज

३००१२८ पंडितजसराज हा मंगळ आणि गुरूच्या मधे जो लघुग्रहांचा मुख्य पट्टा आहे त्यातला एक लघुग्रह. नुसत्या डोळ्यांनी दिसायचा प्रश्नच नाही. मेवाती घराण्याचे पंडित जसराज यांचं नाव त्याला सप्टेंबर २०१९ मध्ये मिळालं, आणि हा मान मिळालेले ते पहिले भारतीय संगीतकार अशी तेव्हा बातमी होती.

सापडला ११ नोव्हेंबर २००६ ला, अमेरिकेत ॲरिझोनातल्या माउंट लेमन वेधशाळेत. तिथले लोक खरं तर पृथ्वीच्या जवळून जाणारे दगड शोधत असतात, पट्ट्यातले असे हजारो त्यांना जाता जाता सापडतात. सुरुवातीचं नाव होतं २००६ व्हीपी३२, हे गाडीच्या नंबरसारखं दिसतं पण वाचता येतं: व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आणि पी३२ म्हणजे त्या पंधरवड्यातला ८१५ वा नग.

मग कक्षा पक्की झाली की कायमचा क्रमांक पडतो. तो ओळीनेच पडतो, मागून मिळत नाही. आता गंमत बघा, ३००१२८ उलटीकडून दोन-दोन आकडे घेऊन वाचा, २८-०१-३०. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा! म्हणजे क्रमांक बघून त्यांच्यासाठी हाच लघुग्रह निवडला असणार, योगायोगाने इतकं जुळत नाही.

आपल्याकडे ‘नासाने ग्रहाला नाव दिलं’ असं सर्रास छापून आलं, ते दोन्हीकडून चुकलंय, हा ग्रह नाही, लघुग्रह आहे, आणि नावाला मंजुरी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती देते. नाव सुचवायचा पहिला हक्क शोधणाऱ्याचा. इंग्रजी स्पेलिंग जास्तीत जास्त १६ अक्षरांचं, आणि शक्यतो एकच शब्द, म्हणून ‘पंडित’ आणि ‘जसराज’ जोडून लिहिलंय. राजकारणी किंवा सेनापतीचं नाव द्यायचं तर मृत्यूनंतर १०० वर्षं थांबावं लागतं, गवयांना ती अट नाही, त्यामुळे जसराजजींना हे नाव हयातीत बघायला मिळालं (१७ ऑगस्ट २०२० ला न्यू जर्सीत ते गेले). सोबतीला १०३४ मोझार्टिया, १८१५ बीथोव्हेन आणि ५२०३ पाव्हारोत्ती आहेतच, सगळे त्याच पट्ट्यात.