ईआरसीपीतील दुर्मीळ गंभीर गुंतागुंती

पित्तनलिकेत अडकलेला खडा काढण्यासाठी किंवा अरुंद झालेल्या नलिकेत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी छोटी नळी, बसवण्यासाठी तोंडावाटे दुर्बीण घालून ईआरसीपी ही प्रक्रिया करतात. तिची सुरुवात १९६८ मध्ये झाली. १९७४ मध्ये नलिकेचे तोंड विजेच्या तारेने कापण्याची पद्धत, म्हणजे स्फिंक्टरोटॉमी, आली आणि निदानाच्या जोडीने उपचारही होऊ लागले. स्वादुपिंडाला सूज, रक्तस्राव, नलिकेत जंतुसंसर्ग आणि आतड्याला छिद्र या तिच्या परिचित गुंतागुंती. क्वचित घडणाऱ्या गुंतागुंती मात्र यांच्याच आडोशाला लपतात आणि म्हणूनच अधिक घातक ठरतात.

त्यांतली सर्वांत भयंकर म्हणजे वायू-अंतःशल्यता. आतडे फुगवण्यासाठी सोडलेली हवा कापलेल्या जागेतून किंवा यकृतातल्या फाटलेल्या शिरेतून रक्तात शिरते आणि हृदयात पोचते. हृदयाच्या पडद्यात जन्मजात छिद्र उघडे राहिले असेल तर ती थेट मेंदूतही जाते. छिद्र नसतानाही असे घडल्याची उदाहरणे आहेत. रुग्ण भुलेत असतो, त्यामुळे तो काही सांगू शकत नाही. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आकडा एकाएकी घसरतो, रक्तदाब पडतो, ऑक्सिजन खाली जातो. कधी प्रक्रिया सुरळीत पार पडल्यासारखी वाटते, पण रुग्ण शुद्धीवर येत नाही किंवा त्याची एक बाजू हलत नाही. अशा वेळी भुलीचा अंमल उतरला नसेल म्हणून वाट पाहणे महागात पडते. संशय येताच हवा बंद करून दुर्बीण काढतात, शंभर टक्के ऑक्सिजन देतात आणि रुग्णाला डोके खाली ठेवून डाव्या कुशीवर वळवतात. मेंदूला इजा झाली असल्यास उच्च दाबाच्या कक्षातील ऑक्सिजनचा उपयोग होतो. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरल्यास धोका बराच कमी होतो, कारण तो रक्तात चटकन विरघळतो. धोका पूर्णपणे मात्र टळत नाही.

गाइडवायर, म्हणजे नलिकेत वाट दाखवणारी बारीक तार, यकृतात फार खोलवर गेली, तर बारीक रक्तवाहिनी फाटून यकृताच्या आवरणाखाली रक्त साठते. पोटात किंवा उजव्या खांद्यात दुखते आणि हिमोग्लोबिन घसरते. हे दुखणे स्वादुपिंडाच्या सुजेचे समजले जाण्याची शक्यता असते. सीटी स्कॅनने उलगडा होतो. बहुतेकदा देखरेख आणि प्रतिजैविके पुरतात. रक्तस्राव थांबला नाही तर ती रक्तवाहिनी आतून बंद करावी लागते. प्लीहेला इजा होणे याहून विरळ. वळसा पडलेल्या दुर्बिणीच्या ताणाने तिचे बंध ओढले जातात. इथे दुखणे डाव्या बाजूला असते.

खडा पकडून काढण्याची तारेची जाळी खड्यासकट नलिकेत अडकून बसणे आणि सुटलेल्या स्टेंटने पुढे आतड्याला भोक पाडणे हेही घडते. दुर्बिणीच्या टोकाशी तार उचलणारी छोटी पट्टी असते. तिच्या सांदीत जंतू चिकटून राहिल्याने प्रतिजैविकांना दाद न देणारे संसर्ग अनेक रुग्णांत पसरले, हे २०१५ च्या सुमारास अमेरिकेत उघड झाले आणि नंतर टोकाचा भाग सुटा करून फेकता येईल अशा दुर्बिणी आल्या.

नुसत्या निदानासाठी आता एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी) पुरेसा असतो, त्यामुळे केवळ बघण्याकरिता ईआरसीपी करणे समर्थनीय नाही.