मुऱ्हाळ्याची वाट आणि आगमनाचे चार रविवार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की खानदेशातल्या सासुरवाशिणीचे हात कामात असतात, पण कान वेशीकडे लागलेले असतात. मुऱ्हाळी, म्हणजे माहेरी न्यायला येणारा भाऊ, येणार हे तिला पक्कं ठाऊक असतं. सकाळी येईल की दिवेलागणीला, एवढंच ठाऊक नसतं. बोचकं बांधून कोनाड्यात ठेवलेलं असतं आणि चुलीवरची भाकरीही करपू द्यायची नसते. कुणी विचारलं तर अहिराणीत सांगते, ‘भाऊनी वाट दखी ऱ्हायनी.’

ख्रिस्ती श्रद्धेतली ‘वाट पाहणं’ ही गोष्ट खानदेशात समजावून सांगायची तर मला याहून जवळचं चित्र सुचत नाही. ही वाट दिवसाची किंवा सणाची नाही, एका व्यक्तीची आहे. येणारा कोण ते माहीत आहे; घटका माहीत नाही.

पवित्र शास्त्राच्या जुन्या करारात वाट पाहणं आणि आशा धरणं यांना एकच हिब्रू क्रियापद चालतं. म्हणून यशयाच्या ४० व्या अध्यायात आपल्या मराठी भाषांतरात ‘परमेश्वराची आशा धरून राहणारे’ असे शब्द येतात, आणि इतर काही भाषांत तिथेच ‘वाट पाहणारे’ असं आहे. त्याच कुळातला ‘तिक्वा’ हा शब्द तर आशा आणि दोर या दोन्ही अर्थांनी येतो. यरीहोच्या राहाबेनं खिडकीला जी किरमिजी दोरी बांधली, तिला मूळ भाषेत हाच शब्द आहे. ती बाई घरच्यांना घेऊन त्या दोरीच्या भरवशावर थांबली होती. यहुदी लोकांनी बाबेलच्या बंदिवासात याच आशेवर दिवस काढले. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात बाळ येशूला हातात घेणारा शिमोन आणि उपासतापास करत मंदिर न सोडणारी म्हातारी हन्ना, हे त्या लांबलचक वाट पाहण्याचे शेवटचे दोन साक्षीदार.

पहिल्या ख्रिस्ती मंडळीनं मात्र नव्यानं वाट पाहायला सुरुवात केली. येशू स्वर्गात गेला, तो पुन्हा येणार, हा त्यांचा विश्वास होता. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी ‘माराना था’ हे अरामी शब्द तसेच ठेवलेत: प्रभू, ये. ग्रीक वाचकांसाठीही त्यानं ते बदलले नाहीत, इतके ते तोंडी रुळलेले असणार.

नाताळापूर्वीचा आगमनकाळ त्यामानानं उशिरा आला. २५ डिसेंबरचा सण रोममध्ये चौथ्या शतकात पाळला जात होता. ३८० साली स्पेनमधल्या सारागोसाच्या धर्मसभेनं १७ डिसेंबरपासून रोज चर्चमध्ये हजर राहायला सांगितलं. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराच्या बिशपनं ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्याला तीन उपास लावले. मिलानमध्ये हा काळ आजही सहा आठवड्यांचा असतो. रोमनं तो चार रविवारांवर आणला आणि पाश्चात्त्य चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी तोच चालला. पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा धरतात. मेणबत्त्यांचं चक्र तर अगदी अलीकडचं. हॅम्बुर्गच्या अनाथ-गरीब मुलांच्या आश्रमात योहान हिन्रिक विखर्न यांनी १८३९ साली लाकडी चाकावर रोज एक छोटी आणि रविवारी मोठी मेणबत्ती लावायला सुरुवात केली. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यांना दिवस मोजता यावेत म्हणून ही युक्ती.

लॅटिन ‘आदवेन्तुस’ म्हणजे आगमन, आणि ते पूर्वीपासून दुहेरी आहे: गोठ्यातल्या जन्माचं आणि पुढे पुन्हा येण्याचं. आजही कॅथलिक उपासनेत पहिल्या रविवारचं शुभवर्तमान बाळाचं नसतं. ‘जागे राहा’ हे असतं, शेवटच्या दिवसांविषयीचं. जन्माकडे वळायचं ते १७ डिसेंबरपासून. नाताळच्या खरेदीत हा पहिला अर्धा भाग हरवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खानदेशात हा हरवलेला अर्धाच आधी पोचला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खानदेश-वऱ्हाडात आलेल्या अलायन्स मिशन या अमेरिकन प्रोटेस्टंट संस्थेचे संस्थापक ए. बी. सिम्पसन ख्रिस्ताची चार रूपं शिकवत: तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि येणारा राजा. साऱ्या राष्ट्रांना सुवार्ता पोचली की शेवट येईल, हे मत्तयाचं वचन त्यांच्या कामाचं इंधन होतं. धुळे-नंदुरबारच्या भागात आणि भिल्ल वस्त्यांत आलेल्या स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांमागे फ्रेडरिक फ्रान्सन हे स्वीडिश-अमेरिकन उपदेशक होते. १८९० साली अमेरिकेत त्यांनी संस्था उभी केली, तीही याच घाईनं, की प्रभू लवकर येणार आहे. म्हणजे राजाची वाट पाहणारी माणसंच इथे आली होती. आणि त्याच सुमारास छप्पनचा (विक्रम संवत १९५६चा) दुष्काळ, १८९९-१९००. पावसाची वाट पाहून गावं रिकामी झाली. पोरक्या मुलांना मिशनच्या आश्रमांत आसरा मिळाला. त्या मुलांनी ‘येणारा राजा’ हे शब्द कसे ऐकले असतील, याचा विचार मी पुष्कळदा करते.

येशूनं सांगितलेली दहा कुमारींची गोष्ट मला त्यामुळेच इथली वाटते: दहाजणी दिवे घेऊन वराची वाट पाहतात, पण जादा तेल पाच शहाण्यांनीच आणलेलं असतं. कापसाच्या मुलखात वात सगळ्यांकडे असते, प्रश्न तेलाचा. आणि लक्षात घ्या, वराला उशीर झाला तेव्हा शहाण्या पाचही झोपल्याच होत्या. त्यांना डुलकीबद्दल कुणी बोल लावला नाही. दिव्यात भर घालायला तेल जवळ होतं, एवढंच.

आगमनाच्या पहिल्या रविवारी भुसावळला कॅथलिक चर्चमध्ये चक्रातली पहिली जांभळी मेणबत्ती लागते. रेल्वेच्या या गावातच अलायन्सची मराठी मंडळीही भरते. तिथे बहुतेक वेळा चक्र नसतं, रंगीत वस्त्रं नसतात. पेटी-ढोलकीवर गाणं सुरू होतं, राजा येत आहे म्हणून. संध्याकाळी घरोघरी कागदी चांदण्या टांगायला घेतात, अंगणात भरिताची वांगी भाजायला लागतात, आणि आजी नातवाला सांगते, अजून तीन रविवार.