कब-बुलबुल

भारत स्काउट्स आणि गाइड्स या संघटनेतील ५ ते १० वर्षे वयाच्या मुलामुलींचा विभाग. मुलांना कब, मुलींना बुलबुल म्हणतात. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या आणि खासगी प्राथमिक शाळांमधून ही पथके चालतात.

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी स्काउट चळवळ सुरू केली, ती किशोरवयीन मुलांसाठी. पण थोरल्या भावांच्या मागे धाकटीही येऊ लागली. त्यांच्यासाठी १९१६ मध्ये ‘वुल्फ कब’ ही वेगळी शाखा निघाली. तिची सारी कल्पनासृष्टी रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’वर (१८९४) उभी आहे. किपलिंग यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या कथेतले लांडगे सिवनीच्या रानातले, म्हणजे नागपूरच्या उत्तरेला पेंचलगतच्या मुलखातले. कब मास्टरला मुले ‘अकेला’ म्हणतात, मदतनिसांना बगीरा, बल्लू. इंग्लंडमार्गे आलेली ही नावे इथल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाहीत.

बुलबुलांची गोष्ट निराळी. ब्रिटनमध्ये सात ते दहा वर्षांच्या मुलींना ब्राउनी म्हणतात. भारतात परीकथेतल्या त्या घरबुटक्याची जागा अंगणातल्या पाखराने घेतली. त्यांची मध्यवर्ती कथा तारा नावाच्या मुलीची आहे आणि पथक जमते ते ‘बुलबुल ट्री’भोवती.

सहा-सहा मुलांचे गट, प्रत्येक गटाला एक सिक्सर (गटनायक), आणि पूर्ण पॅक, म्हणजे पथक, साधारण २४ जणांचा. कबांच्या सभेची सुरुवात ‘ग्रँड हाउल’ने होते. मुले वर्तुळात उकिडवी बसतात, दोन्ही हातांची बोटे पायांमध्ये जमिनीला टेकवतात आणि लांडग्याच्या पिल्लांसारखी आरोळी देत अकेलाला सांगतात, की आम्ही शिकस्त करू. लाजरे मूलसुद्धा इथे मोकळ्या गळ्याने ओरडते, कारण सगळेच ओरडत असतात. कबांचे घोषवाक्य हेच: ‘कोशिश करो’.

पुढचा कार्यक्रम मुख्यतः खेळांचा. किम गेममध्ये ताटात किल्ली, बटण, चिंचोका, खडू अशा वस्तू मांडून मिनिटभर दाखवतात. मग कापड टाकून आठवायला लावतात. सपाट गाठ बांधणे, खरचटलेले धुऊन पट्टी बांधणे, झाडांची पाने ओळखणे, पत्ता नीट सांगून निरोप पोचवणे हे खेळता खेळता शिकायचे असते. रोज एक सत्कृत्य करायचे, हे वचनातच आहे. ‘खरी कमाई’त मुले स्वतः केलेल्या कामाचे पैसे मिळवतात. पणत्या रंगवून विकणे, भेळेचा स्टॉल लावणे ही शाळांतली ठरलेली दृश्ये. पाच रुपयांची भेळ विकून सुटे पैसे बरोबर परत देणाऱ्या मुलाला त्या दिवशी वजाबाकी कायमची कळते. कब-बुलबुल उत्सवात अनेक पथके एकत्र येतात.

प्रगतीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. कबांसाठी प्रवेशानंतर प्रथम ते चतुर्थ चरण. बुलबुलांसाठी कोमल, रजत, सुवर्ण आणि हीरक पंख. सोबतीला चित्रकार, माळी, सायकलस्वार अशी प्रावीण्य पदके. सर्वांत वरचा ‘गोल्डन अ‍ॅरो’ पुरस्कार राष्ट्रीय पातळीवर दिला जातो. मूळ ब्रिटिश पद्धतीत टोपीवर दोन तारे मिळत. लांडग्याचे पिल्लू जन्मतः आंधळे असते. पहिला तारा म्हणजे एक डोळा उघडला, दुसरा म्हणजे दोन्ही.

या चाचण्यांत पहिला-दुसरा नंबर नसतो. मूल स्वतःच्या कालच्या जागेवरून किती पुढे आले, ते अकेलाने पाहायचे. भित्र्याने दोरीवरून मारलेली पहिली उडी आणि तरबेजाची दहावी यांना एकाच फूटपट्टीने मोजायचे नसते. शाळा ‘हीरक पंख’ची तयारी वर्गात बसवून, प्रश्नोत्तरे घोकून घेते तेव्हा पदक मिळते, पण ज्यासाठी ते ठेवले ते राहून जाते. मैदान, झाड आणि तासभर वेळ यांना इथे पर्याय नाही.

दहा वर्षे पूर्ण झाली, की ‘गोइंग अप’चा छोटा समारंभ होतो. पॅक निरोप देतो, पलीकडे स्काउट किंवा गाइड पथक वाट पाहत उभे असते, आणि नवा पथकनायक पुढे होऊन स्काउट रिवाजाप्रमाणे डावा हात मिळवतो.