रवांडाचा रेडिओ आणि टेकड्यांची सावली

रवांडातल्या १९९४ च्या नरसंहाराचा विषय निघाला की ‘टोळ्यांचं जुनं वैर’ म्हणून लोक मोकळे होतात. पण हुतू आणि तुत्सी हे तिथले दोन मुख्य समाज एकच किन्यारवांडा भाषा बोलत, एकाच टेकडीवर शेजारी राहत. १९३० च्या दशकात बेल्जियन राज्यकर्त्यांनी ओळखपत्रावर जमात लिहून त्यांच्यातले भेद पक्के केले. नाकं-कवट्या मोजून माणसाची प्रत ठरवणारं ते ‘वंशशास्त्र’ म्हणजे विज्ञानाच्या नावावर खपवलेली अंधश्रद्धाच. ६ एप्रिल १९९४ ला राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं आणि पुढच्या सुमारे १०० दिवसांत लाखो माणसं, बहुसंख्य तुत्सी, मारली गेली.

आरटीएलएम हे एफएम रेडिओ केंद्र तुत्सींना ‘झुरळं’ म्हणत हिंसेला चिथावत होतं. त्याचा परिणाम मोजायचा कसा? जिथे आधीच द्वेष जास्त, तिथेच ते जास्त ऐकलं जात असेल तर?

इथे भौतिकशास्त्र कामी आलं. एएम रेडिओच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते, त्या जमिनीच्या चढउतारांना वळसा घालतात. एफएम लहरी जेमतेम ३ मीटरच्या. त्या जवळपास सरळ जातात, टेकडीमागे फारशा वळत नाहीत आणि एरवी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतही येत नाहीत. म्हणून तर घाटात एफएम खरखरतं. रवांडात प्रक्षेपकापासून सारख्याच अंतरावरच्या दोन गावांपैकी एकाला केंद्र स्वच्छ ऐकू येई, दुसरं टेकडीच्या सावलीत राही. ही वाटणी डोंगरांनी केलेली, म्हणून संशोधकाला सोन्यासारखी! डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञाने भूपृष्ठाचे नकाशे आणि गावोगावच्या खटल्यांची आकडेवारी जुळवली, उंची, अंतर, लोकसंख्या यांचे परिणाम वजा केले. हिंसेतला सुमारे १० टक्के सहभाग रेडिओमुळे, असा त्याचा अंदाज निघाला. टोळक्यांची संघटित हिंसा तर शेजारच्या गावांतही पसरलेली दिसली.

१० टक्के म्हणजे भयंकरच. तरी ‘रेडिओने अख्खा देश वेडा केला’ हे म्हणणं टिकत नाही. बाकीचा भार सरकारी यंत्रणा, लष्कर, इंटरहाम्वे या हुतू सशस्त्र टोळ्या आणि नाक्यानाक्यावर तपासल्या जाणाऱ्या त्याच ओळखपत्रांवर येतो.

टांझानियातल्या अरुशा इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये केंद्राच्या दोन संस्थापकांना दोषी ठरवलं. गावपातळीवरच्या गचाचा न्यायालयांनी २०१२ पर्यंत १९ लाखांच्या आसपास खटले हाताळले.

पुढे रेडिओ सलोख्यासाठीही वापरला गेला. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लेव्ही पालक यांनी वर्षभर काही गटांना सलोख्याची श्रुतिका ऐकवली, काहींना आरोग्याची. सलोख्याच्या श्रोत्यांची वैयक्तिक मतं फारशी हलली नाहीत. बदलली ती ‘आपल्या समाजात काय चालतं’ याबद्दलची समजूत, आणि वागणूकही: भेट मिळालेला टेपरेकॉर्डर कोणी सांभाळायचा यावर ते गप्प न बसता उघडपणे मतभेद मांडून चर्चा करू लागले.