मुखकर्करोगाचे भवितव्य सांगणारी प्रथिने : पार्श्वभूमी

तोंडाच्या कर्करोगाच्या एकाच टप्प्यावर सारखीच शस्त्रक्रिया झालेल्या दोघांपैकी एक वर्षानुवर्षे बरा राहतो आणि दुसऱ्याला काही महिन्यांत गाठ पुन्हा होते. गाठीचा आकार, मानेतील लसीकाग्रंथी आणि दूरवरचा प्रसार यांवरून रोगाचा टप्पा ठरवणारी टीएनएम पद्धत फ्रान्सचे पियेर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ या काळात घडवली. पण हा फरक तिच्यात दिसत नाही. तो गाठीतील प्रथिनांत शोधावा, या विचाराला बळ मिळाले ते १९७५ नंतर, जेव्हा कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांच्या तंत्रामुळे एकाच प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे हवी तितकी बनवता येऊ लागली आणि बायोप्सीच्या कापावर नेमके ते प्रथिन रंगवून पाहणे शक्य झाले.

सर्वाधिक आशा पी५३ या प्रथिनावर होती. १९७९ मध्ये सापडलेले हे प्रथिन आधी कर्करोग घडवणारे मानले गेले. ते मुळात त्याला आवर घालणारे आहे, हे १९८९च्या सुमारास स्पष्ट झाले. बिघडलेले पी५३ पेशीकेंद्रात साचून गडद रंगते, म्हणून गडद रंग म्हणजे वाईट लक्षण, असे समीकरण मांडले गेले. परंतु काही उत्परिवर्तनांत, म्हणजे जनुकातील बिघाडांत, प्रथिन तयारच होत नाही, त्यामुळे सर्वांत बिघडलेली गाठही कोरी दिसू शकते. पी५३वरील अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी येण्याचे हे एक मोठे कारण होते, असे मला वाटते. २००७ मध्ये डोके व मानेच्या कर्करोगाच्या ४२० रुग्णांत थेट जनुकच तपासले गेले, तेव्हा निम्म्याहून अधिकांत उत्परिवर्तन आढळले आणि त्याचा कमी आयुर्मानाशी असलेला संबंधही दिसून आला.

घशाच्या कर्करोगात पी१६ या दुसऱ्या प्रथिनाने मात्र खरे यश मिळवले. तेथे ते रोग एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) विषाणूमुळे झाल्याचा पुरावा ठरते, असे रुग्ण अधिक जगतात आणि २०१७च्या टीएनएम आवृत्तीत त्यांच्यासाठी टप्प्यांची वेगळी मांडणी झाली. हे यश तोंडाच्या कर्करोगाला जसेच्या तसे लावणे चूक आहे. महाराष्ट्रात आढळणारा गाल व हिरड्यांचा कर्करोग बहुतांशी तंबाखू, मशेरी, गुटखा आणि सुपारीतून येतो, विषाणूतून नव्हे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीनंतर महत्त्व आलेले पीडी-एल१ हे प्रथिनही प्रामुख्याने वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते : पुन्हा उद्भवलेल्या किंवा पसरलेल्या रोगात प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध कोणाला उपयोगी पडेल.

दरम्यान उपचारांची दिशा बदलली ती मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २०१५च्या चाचणीने. सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांत मानेच्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते; ग्रंथी वाढल्यावरच काढलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. २०१७च्या आवृत्तीत तोंडाच्या कर्करोगासाठी भर पडली ती गाठीची खोली आणि ग्रंथीबाहेरचा प्रसार यांची. प्रथिनाला त्यात अजून स्थान नाही.